सैनिक आणि विद्वान: समाजासाठी कोणाचं मोल किती, हे तोलायचं कसं?

सभाधीट

नमस्कार मंडळी. वादविवाद स्पर्धेसाठी एका संघाची तयारी करून घ्यायची आहे. विषय जुनाच: 'समाजाला सैनिक अधिक मोलाचा की विद्वान?' बाजू आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरणार, म्हणजे दोन्हीकडून बोलता यायला हवं. या विषयावरच्या भाषणांत एकीकडे त्याग आणि बलिदान, दुसरीकडे ज्ञानाचा दिवा, यापलीकडे फारसं काही नसतं. परीक्षकाने 'मोल म्हणजे काय आणि ते मोजलं कसं?' एवढंच विचारलं की वक्त्याची दांडी गुल.

मोल आकड्यांत मांडायची काही रीत आहे का? पगार किंवा अंदाजपत्रकातली तरतूद हा निकष चालेल का? दोन्ही बाजूंना उपयोगी पडतील आणि उलटतपासणीत टिकतील अशी उदाहरणं कोणती, आणि कोणती टाळावीत? भावनेचे मुद्दे नकोत, ते मुलांकडे भरपूर आहेत.

तोफखाना

सैनिकाची बाजू मांडायला फार डोकं खाजवावं लागत नाही. संरक्षण आधी, बाकी सगळं नंतर. हे कुणा सेनापतीने नव्हे, मुक्त व्यापाराच्या पुरस्कर्त्या ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहून ठेवलंय. इंग्लंडच्या नौकानयन कायद्याने (मालवाहतूक शक्यतो स्वदेशी जहाजांतूनच, असं बंधन) व्यापाराचं नुकसान होतं हे त्याला मान्य होतं. तरी त्याने कायद्याची बाजू घेतली, कारण त्यातून खलाशी आणि जहाजं तयार राहत होती, आणि संपन्नतेपेक्षा संरक्षण कितीतरी महत्त्वाचं. समोरचा संघ अर्थशास्त्र काढणारच, तेव्हा हा दाखला त्यांच्याच घरातला आहे.

अर्थाचा_अनर्थ

दाखला बरोबर, पण अर्धा. त्याच स्मिथने त्याच ग्रंथात सगळं सैन्य आणि नौदल 'अनुत्पादक श्रमां'त घातलंय. आणि पुढच्याच वाक्यांत त्याच रांगेत धर्मोपदेशक, वकील, वैद्य, सर्व तऱ्हेचे विद्वान, नट, विदूषक आणि गायक उभे केलेत. दोन्ही संघांनी हे वाचून जावं. ज्याने आधी काढलं तो जिंकला.

आता मोजण्याविषयी, जरा सविस्तर.

पगार आणि तरतूद हा निकष अजिबात चालत नाही. सरकारी सेवांना बाजारभाव नसतो, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्यांचं उत्पादन खर्चाइतकंच धरतात: पगार, वापरलेला माल व सेवा, आणि साधनांची झीज यांची बेरीज. उद्या पगार दुप्पट केले की चालू किमतींत त्या सेवेचं 'उत्पादन' पगारवाढीच्या रकमेइतकं फुगतं, काम तेच राहूनही. म्हणजे तरतुदीकडे बोट दाखवून 'समाज यांना इतकं मोल देतो' म्हणणारा फक्त बिल वाचून दाखवतोय. (जाता जाता: १९९३ च्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत रणगाडे-युद्धनौका खरेदीबरोबरच खर्ची पडत आणि संशोधनही. २००८ च्या आवृत्तीने दोघांना एकाच वेळी भांडवलाचा दर्जा दिला. इतकी जुळी नशिबं क्वचित असतात.)

दुसरी चूक म्हणजे सगळे सैनिक विरुद्ध सगळे विद्वान अशी तुलना. एकही सैनिक नसलेला समाज आणि एकही विद्वान नसलेला समाज, दोन्ही भयंकरच. त्यातून निर्णय निघत नाही. पाणी जगवतं तरी स्वस्त आणि हिरा निरुपयोगी तरी महाग, हे कोडं १८७० च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वाल्रास यांनी स्वतंत्रपणे सोडवलं ते याच वाटेने: किंमत एकूण उपयोगावरून नव्हे, शेवटच्या एककाच्या उपयोगावरून ठरते. तेव्हा प्रश्न असा विचारा: आज जेवढे आहेत त्यांत आणखी एक हजार सैनिक घालून काय मिळेल, आणि तेवढ्याच पैशात जितके संशोधक-शिक्षक येतील त्यांच्यामुळे काय मिळेल?

सैनिकाचं गणित विम्यासारखं मांडतात. समजा आक्रमण झालं तर नुकसान १००० एकक. सैन्य नसताना वर्षाला आक्रमणाची शक्यता ५ टक्के, असताना १ टक्का. सैन्याने वाचवलेलं मोल (०.०५ − ०.०१) × १००० = ४० एकक दरवर्षी. खर्च ३० असेल तर सौदा फायद्याचा. आता आणखी १० एकक खर्चून शक्यता १ वरून ०.८ टक्क्यावर आली, तर मिळकत फक्त २ एकक. पहिला टप्पा अमूल्य आणि दुसरा उधळपट्टी, दोन्ही एकाच वेळी खरं. अडचण अशी की जे घडलंच नाही त्याची शक्यता किती होती हे कुणी पाहिलेलं नसतं. त्यामुळे ५ टक्क्याच्या जागी १५ घालणं सोपं असतं आणि घालणारे घालतात.

शिवाय ती शक्यता एकट्याच्या हातात नसते. लुईस फ्राय रिचर्डसन या गणितज्ञाने शस्त्रस्पर्धेची समीकरणं मांडली. (पहिल्या महायुद्धात शस्त्र न धरता तो रुग्णवाहिका चालवत होता.) त्याचं सार असं: माझा खर्च वाढण्याचा वेग = (प्रतिक्रियेचा गुणांक × शेजाऱ्याचा खर्च) − (खर्चाच्या थकव्याचा गुणांक × माझा खर्च) + जुना आकस. शेजाऱ्याचंही तसंच. थकवा ०.५ आणि आकस १ धरा. प्रतिक्रिया शून्य असेल तर दोघांचा खर्च २ वर स्थिरावतो. प्रतिक्रिया ०.४ झाली की तोच १० वर जातो, म्हणजे पाचपट, आणि बलाबल पूर्वीसारखंच एकास एक. प्रतिक्रिया ०.६ केली, थकव्याच्या पुढे नेली, की खर्च कुठेच थांबत नाही. विद्वानाच्या बाजूचा हा सर्वांत धारदार मुद्दा आहे, कारण ज्ञानाचं उलट असतं: शेजाऱ्याने शोध लावला तर माझ्या शोधाची किंमत उणावत नाही.

पण विद्वानाच्या हिशेबातही खड्डा आहे, तो म्हणजे काळ. भविष्यातला लाभ आजच्या किमतीत आणायचा तर व्याजदराने भागावं लागतं. चाळीस वर्षांनी मिळणारे १०० एकक ५ टक्के दराने आज १४ च भरतात, २ टक्क्यांनी ४५. गणितज्ञ ऑयलरने १७६३ मध्ये प्रसिद्ध केलेलं अंकसिद्धांतातलं प्रमेय १९७७ मध्ये आरएसए या कूटलेखनाच्या (संदेश गुप्त करण्याच्या) पद्धतीच्या मुळाशी आलं, म्हणजे २१४ वर्षांनी. ५ टक्के दराने त्याचं १७६३ मधलं मोल व्यवहारात शून्य. शुद्ध ज्ञानाचं समर्थन या गणिताने करायला जाऊ नका, हात पोळतील. त्यासाठी 'कोणतं प्रमेय कामी येईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून पुष्कळ पेरावी लागतात' ही मांडणी घ्या. जी. एच. हार्डीसारख्या पट्टीच्या गणितज्ञाने १९४० मध्ये लिहिलं होतं की अंकसिद्धांताचा युद्धासाठी उपयोग अजून कुणाला सापडलेला नाही आणि बरीच वर्षं सापडेल असं दिसतही नाही. सैनिकी संदेशांची कुलुपं आज त्यावरच आहेत.

तळटीप

वरच्या काळाच्या मुद्द्याला एक दुरुस्ती. उशीर नेहमी ज्ञानामुळे होत नाही, पुष्कळदा कचेरीत होतो. उदाहरण खलाशांच्या स्कर्व्हीचं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या रोगाचं. ते दोन्ही बाजूंना वापरता येतं म्हणून तपशिलाने देतो.

सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) ब्रिटिश नौदलात भरती झालेल्यांचा त्या काळी छापला गेलेला आकडा १,८४,८९९. लढाईत मेले १,५१२. रोगाने मेलेले आणि बेपत्ता मिळून १,३३,७०८. 'बेपत्ता'त पळून गेलेले पुष्कळ आहेत, म्हणून 'सव्वा लाख रोगाने मेले' असं बोलू नका, पकडले जाल. आता त्याआधीची गोष्ट: १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टराने सॅलिसबरी जहाजावर १२ आजारी खलाशी निवडले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, सगळ्यांचं मूळ जेवण सारखं ठेवलं आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर त्यांतला एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. निष्कर्ष छापला १७५३ मध्ये. नौदलाने सरसकट लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये, रोज पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ मिलिलिटर.

मधली बेचाळीस वर्षं कुठे गेली? काही दोष लिंडचा. रस टिकावा म्हणून त्याने तो आटवून ठेवायची कृती सुचवली आणि आटवताना त्यातलं क जीवनसत्त्व जवळजवळ मरत होतं. औषध आहे, पण लागू पडत नाही, असा अनुभव जहाजांना आला. स्वतःच्या प्रयोगातून काय सिद्ध झालं हेही त्याने ठामपणे सांगितलं नाही. बाकीचा दोष वरच्या मंडळाचा. शेवटी गिल्बर्ट ब्लेन या नौदल-वैद्याने जोर लावला तेव्हा हललं. आणि एकोणिसाव्या शतकात नौदलाने भूमध्यसागरी लिंबांऐवजी क जीवनसत्त्व कमी असलेली वेस्ट इंडीजची लिंबं घेतली तेव्हा स्कर्व्ही परत डोकं वर काढू लागली. रस का काम करतो हे कुणालाच कळलेलं नव्हतं, म्हणून बदल घातक आहे हेही कळलं नाही. ज्ञान एकदा मिळवलं की कायमचं राहतं, हे 'विद्वान' बाजूचं लाडकं वाक्य इथे आडवं होतं.

तोफखाना

बरं, मग माझ्याकडूनही एक तांत्रिक उदाहरण घ्या, कारण 'विद्वानांनी युद्ध जिंकलं' हे मोघम बोललं जातं आणि नेमकं काय केलं ते कुणी सांगत नाही.

१९४१ मध्ये ब्रिटिश विमानं पाणबुड्यांवर डेप्थ चार्ज (पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब) टाकत, ते १०० फुटांवर फुटतील असे लावलेले असत. तर्क असा की विमान येताना पाणबुडीला दिसतं आणि तोवर ती तेवढी खोल जाते. ई. जे. विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञाने हल्ल्यांच्या नोंदी चाळल्या. पाणबुडीला १०० फूट जायला वेळ मिळाला असेल तर ती आडवी कुठे सरकली हे वैमानिकाला कळतच नाही, म्हणजे नेम अंदाजाने. उलट ती पृष्ठभागावर किंवा नुकती बुडालेली असेल तर नेम पक्का, पण स्फोट फार खाली होऊन वाया. मारता येईल अशी पाणबुडी वर आणि स्फोट खाली! शिफारस: २५ फूट. हुकूम टप्प्याटप्प्याने बदलला, कारण हत्यारातला स्फोट घडवणारा भाग एवढ्या उथळ स्फोटासाठी बनवलेलाच नव्हता. विमानं तीच, वैमानिक तेच, दारूगोळा तोच. बुडालेल्या पाणबुड्यांची संख्या मात्र कित्येक पटींनी वाढली.

दुसरं त्याच मंडळींचं: व्यापारी जहाजांचा ताफा लहान बरा की मोठा? नौदलाला लहान वाटे. नोंदींत सरासरी ३२ जहाजांच्या ताफ्यांनी २.५ टक्के जहाजं गमावलेली दिसली, सरासरी ५४ च्या ताफ्यांनी १.१ टक्के. कारण भूमितीत आहे. जहाजं ताफ्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढतात, राखायचा परीघ मात्र त्याच्या वर्गमुळाप्रमाणे. तिप्पट जहाजांना १.७३ पटच परीघ. आणि आत घुसलेली पाणबुडी साधारण तेवढीच जहाजं बुडवते, ताफा कितीही मोठा असो.

ही माणसं जमवणारा पॅट्रिक ब्लॅकेट स्वतः १९१६ च्या जटलंडच्या नाविक लढाईत होता आणि १९४८ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याला कुठल्या रकान्यात घालणार ते ठरवा. माझं मत: नोंदी खऱ्या लिहिणारे वैमानिक नसते तर विल्यम्सकडे चाळायला काही नसतं. 'चुकलं' असं प्रामाणिकपणे लिहिलेला अहवाल ही सैनिकाचीच देन आहे, आणि ती कुणी मोजत नाही.

सभाधीट

हे फारच कामाचं आहे, सगळ्यांचे आभार. दोन शंका. एक, 'सैनिक चार महिन्यांत तयार होतो, विद्वानाला वीस वर्षं लागतात, म्हणून विद्वान दुर्मीळ आणि मोलाचा' हा मुद्दा टिकेल का? दोन, कोस्टारिकाने सैन्यच रद्द केलं, ते उदाहरण विद्वानाच्या बाजूने कसं आहे?

उलटतपासणी

पहिला मुद्दा अर्धाच टिकतो. शिपाई काही महिन्यांत घडतो. हवालदार, सुभेदार आणि सेनाधिकारी घडत नाहीत. व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीला एक लाखाचंच सैन्य ठेवायला सांगितलं, त्यात जास्तीत जास्त ४,००० अधिकारी, शिपायाची नोकरी किमान १२ वर्षं आणि अधिकाऱ्याची २५. हेतू असा की माणसं फिरत राहून राखीव फौज तयार होऊ नये. झालं उलटं: दीर्घ नोकरीमुळे प्रत्येकाला वरच्या पदाचं शिक्षण देता आलं, आणि १९३५ नंतर हाच लाख नव्या सैन्याचा सांगाडा ठरला. विरुद्ध टोक सोव्हिएत संघाचं. १९३७–३८ च्या स्टालिनच्या शुद्धीकरणात (नकोशी माणसं संपवण्याच्या मोहिमेत) पाचपैकी तीन मार्शल संपवले, त्यांच्याखालचे अधिकारी तर किती तरी. शिपाई पुष्कळ होते, तरी १९३९–४० च्या हिवाळ्यात फिनलंडपुढे झालेली दैना जगाने पाहिली.

विद्वानांच्या बाजूचं तोडीस तोड उदाहरण १९३३ चं जर्मनीच घ्या. ७ एप्रिलच्या नोकरशाही कायद्याने ज्यू आणि नकोशा प्राध्यापकांना काढलं. गणितातलं पहिलं स्थान असलेलं गटिंगेन विद्यापीठ काही महिन्यांत रिकामं झालं. पुढे युद्धात विद्यापीठांवर बॉम्ब पडले, इमारती गेल्या. ज्या विभागांची माणसं गेली आणि ज्यांच्या इमारती गेल्या त्यांची नंतर तुलना झाली आहे: इमारतींचं नुकसान १९६१ पर्यंत भरून निघालं होतं, माणसांचं १९८० मध्येही जाणवत होतं.

म्हणून मुद्दा असा मांडा: महाग असतो तो दोन्हीकडचा अनुभवी गाभा. समाज मूर्खपणा करतो तो गाभा भलत्याच कामाला लावून. हेन्री मोझलीने १९१३ मध्ये क्ष-किरण वर्णपटावरून अणुक्रमांकाला प्रायोगिक पाया दिला, आणि १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीत संदेशवहन अधिकारी म्हणून गोळी लागून तो मेला, वय २७. ते काम इतरांनाही जमलं असतं, वर्णपटाचं नसतं. दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनने शास्त्रज्ञांची नोंदवही आणि राखीव व्यवसायांची यादी करून ठेवली ती उगीच नव्हे.

कोस्टारिका: सैन्य १ डिसेंबर १९४८ ला रद्द, १९४९ च्या राज्यघटनेत कलम १२. पण त्याच कलमात गरज पडली तर खंडीय करारानुसार किंवा राष्ट्ररक्षणासाठी फौज उभारता येईल असंही आहे, आणि १९४७ चा अमेरिकी राष्ट्रांचा परस्पर-संरक्षण करार पाठीशी आहे. आइसलंडलाही स्थायी सैन्य नाही, पण तो नाटोचा संस्थापक सदस्य. 'सैन्याशिवाय चालतं' असं म्हटलंत की समोरचा विचारेल, 'कोणाच्या सैन्याशिवाय?' तेव्हा उदाहरण वापरा, पण शेवटच्या एककाचं म्हणून: ज्याच्यावर आक्रमणाची शक्यता आधीच कमी आहे त्याला पुढचा सैनिक महाग पडतो. तेवढंच ते सिद्ध करतं.

आता टाळायची उदाहरणं. 'चीनच्या सुंग राजवटीने विद्वानांना डोक्यावर घेतलं, सैन्याकडे दुर्लक्ष केलं, म्हणून बुडाली' हे सर्रास ऐकाल. सुंगांचं सैन्य १०४० च्या दशकात दहा लाखांच्या वर होतं आणि दारूगोळ्याच्या कृती छापील ग्रंथात देणारे १०४४ मधले सुंग विद्वानच. गडबड दुसरीकडे होती. सेनापतीने बंड करू नये म्हणून फौजांच्या बदल्या सतत केल्या जात, इतक्या की सेनापती शिपायांना ओळखेना आणि शिपाई सेनापतीला. ती भीती अनाठायी नव्हती, रोममध्ये इ.स. १९३ मध्ये राजरक्षक सैनिकांनी सम्राटपद चक्क लिलावात विकलं. सैनिकाचं मोल उणे होऊ शकतं, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही.

विद्वानाचंही होतं. फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया केला, १९१३ पासून कारखान्यात निघू लागला, त्यावर जगाचं खत उभं आहे. त्याच कारखान्यांनी जर्मनीला स्फोटकं पुरवली, आणि २२ एप्रिल १९१५ ला ईप्रजवळ क्लोरीन सोडण्याची तयारी करवून घेणाराही तोच. १९१८ चं नोबेल त्यालाच. 'विद्वान' बाजू मिळाली आणि समोरच्याने हाबर काढला नाही, तर नशीब समजा.

संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्ड आणि परतलेल्या विमानांवरची भोकं (जिथे भोकं नाहीत तिथे चिलखत लावा, कारण तिथे मार बसलेली विमानं परतलीच नाहीत) हे दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण वापरणार असाल तर लाल ठिपक्यांचं ते चित्र दाखवू नका. चित्र नंतरच्या काळातलं आहे, त्याचं काम कोरड्या सूत्रांचं होतं: न परतलेल्या विमानांना कुठे मार बसला असेल याची शक्यता परतलेल्यांवरून काढणं.

अर्थाचा_अनर्थ

वरच्या प्रतिसादाशी सहमत, आणि प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचं उदाहरण कुणीच घेतलं नाही म्हणून टाकतो. १८०६ मध्ये येनाला नेपोलियनकडून सपाटून मार खाल्ल्यावर ६ ऑगस्ट १८०८ ला हुकूम निघाला: अधिकारपदावर हक्क शांततेत ज्ञान आणि शिक्षणाने, युद्धात असाधारण शौर्य आणि प्रसंगावधानाने. सरदारघराण्यात जन्म हा निकष कागदावर तरी गेला. १८१० मध्ये बर्लिनला एकाच वर्षी दोन संस्था उघडल्या: विद्वान हुम्बोल्टचं विद्यापीठ आणि सेनापती शार्नहोर्स्टची युद्धशाळा. तिजोरी खंडणीने रिकामी असताना. दोन्ही चिठ्ठ्यांना हे चालेल, फक्त शेवटून दुसऱ्या मिनिटाला वापरा. आधी काढलंत तर समोरचा संघ उरलेला वेळ त्यावरच बोलेल.